साठीनंतरचा गोल्फ : चष्मा, मोतीबिंदू, गुडघे, कंबर (माहितीचा धागा)

माळरान

साठीपुढच्या खेळाडूचे फटके बिघडले की पहिला संशय स्विंगवर जातो. मग प्रोकडे शिकवणी लागते, नवा ड्रायव्हर येतो, पण नाकावरच्या चष्म्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझं ठाम मत आहे की या वयात क्रम उलटा हवा. आधी डोळे, मग गुडघे-कंबर-खांदे, मग क्लब आणि सगळ्यात शेवटी स्विंग. दिसण्यात दोष असला तर शरीर नकळत मान वाकवून, खांदे फिरवून त्याची भरपाई करतं आणि शिकवणारा त्या भरपाईलाच दोष समजून दुरुस्त करत बसतो.

या धाग्यात नेमकी माहिती हवी आहे : कोणती काच, कोणत्या रंगाचा चेंडू, ग्रिप किती जाड, नियमात काय बसतं. ‘सकारात्मक राहा’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. उदाहरणं उजव्या हाताने खेळणाऱ्याची धरू. डावखुऱ्यांनी उलट करून घ्यावं.

काचबिंदी

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून चष्म्यापासून सुरुवात करते.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचेचा खालचा भाग साधारण ४० सेंमीवर वाचण्यासाठी असतो. स्टान्स घेतल्यावर डोळ्यापासून चेंडू असतो दीड मीटरच्या आसपास, ड्रायव्हरला थोडा जास्त, पटरला थोडा कमी. नजर खाली गेली की चेंडू नेमका त्या वाचायच्या भागातून दिसतो : धूसर, जरा मोठा आणि मूळ जागेपासून सरकलेला. बायफोकलच्या रेषेच्या काठावर तर मान किंचित हलली तरी चेंडू जागा बदलल्यासारखा वाटतो. यातून सुटायला खेळाडू हनुवटी छातीला टेकवतो, म्हणजे काचेच्या वरच्या भागातून बघता येतं. पण हनुवटी खाली गेली की बॅकस्विंगला डावा खांदा तिच्याखालून जायला जागाच उरत नाही. खांदे अर्धेच वळतात, उरलेला फटका हातांनी मारला जातो. टॉप (चेंडूच्या डोक्यावर लागलेल्या) आणि फॅट (आधी जमिनीला लागलेल्या) फटक्यांची सुरुवात बरेचदा इथे असते.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे : गोल्फसाठी वेगळा, फक्त लांबच्या नंबरचा चष्मा. वाचायची ताकद पूर्ण गेलेली असली तरी दीड मीटरवरच्या चेंडूसाठी जेमतेम पाऊण नंबरचा फरक पडतो. चेंडू किंचित मऊ दिसेल, पण जागच्या जागी दिसेल, आणि दीडशे यार्डांवर पडलेला चेंडू स्वच्छ दिसेल. स्कोअरकार्ड वाचायचंच असेल तर एका काचेच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात वाचनाचा छोटा गोल बसवून घेता येतो. पटिंग करताना तो नजरेच्या वाटेत येत नाही. साधा वाचायचा चष्मा खिशात ठेवला तरी चालतं.

काच पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सचीच घ्या, गोल्फच्या चेंडूचा मार साध्या काचेला झेपत नाही. नंबर ४ च्या पुढे असेल तर डोळ्याभोवती वळलेल्या स्पोर्ट्स फ्रेमच्या मोहात पडू नका, कडेला प्रतिमा वाकते.

नवा चष्मा सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. आठवडाभर पटिंग ग्रीनवर घालून सराव करा, कारण चेंडूचं अंतर आणि आकार दोन्ही बदललेले भासतात.

फेअरवे_नाशिक

ताई, रंगीत काचांचं काय? पोलराइज्ड घ्यावी का? माझ्या फोरबॉलमध्ये तिघांकडे आहे आणि तिघांची तीन मतं.

काचबिंदी

पाण्यावरची, रस्त्यावरची चकाकी पोलराइज्ड काच उत्तम मारते. पण आपल्या ग्रीन बहुतेक बर्म्युडाच्या, म्हणजे हरळीच्या जातीच्या. तिथे पात्यांचा कल महत्त्वाचा. गवत चकाकतं दिसलं तर कल आपल्यापासून दूर, चेंडू जलद जाणार. मंद, गडद दिसलं तर कल आपल्याकडे, चेंडू अडणार. पोलराइज्ड काच ही चकाकीच कमी करते. शिवाय रेंजफाइंडरचा किंवा घड्याळाचा पडदा ठरावीक कोनात काळा पडतो. म्हणून गोल्फसाठी साधी टिंट बरी. तपकिरी किंवा अंबर छटेने हिरव्यातले चढउतार ठळक होतात, राखाडी छटेत रंग खरे राहतात.

उन्हात आपोआप गडद होणारी काच झाडीखाली शिरल्यावर परत उजळायला मिनिटं घेते. दाट झाडीच्या कोर्सवर चेंडू शोधताना नेमकी तीच मिनिटं जातात.

सातनंबरी

चेंडूच्या रंगावर माझ्याकडून.

दिवसाउजेडी माणसाच्या डोळ्याला पिवळसर हिरवा सगळ्यात तेजस्वी दिसतो, म्हणून तो झगझगीत पिवळा चेंडू. हवेत आणि पावसाळ्यानंतरच्या गर्द रफमध्ये (फेअरवेच्या कडेच्या वाढलेल्या गवतात) पांढऱ्यापेक्षा तो केव्हाही सरस. पण एकच रंग वर्षभर चालवू नका. मार्चनंतर रफ वाळून पिवळट पडलं की पिवळा चेंडू त्यात जिरतो. एप्रिल-मेमध्ये बहाव्याखाली पाकळ्यांचा सडा असतो, तिथे पिवळा गेला तर पायाखाली असून दिसत नाही. तेव्हा गुलाबी किंवा नारिंगी घ्या. गुलमोहराखाली नारिंगीची तीच गत.

लाल-हिरव्यातला फरक जन्मतः कमी दिसणारे पुरुष शंभरात आठेक असतात. त्यांच्यासाठी लाल-नारिंगी चेंडू हिरवळीत जवळपास अदृश्य. त्यांनी पिवळा किंवा पांढराच ठेवावा.

मॅट चेंडू ग्रीनवर उन्हात चमकत नाही, कड स्वच्छ दिसते. दोन रंगांत अर्धा-अर्धा विभागलेला चेंडू (स्रिक्सनचा ‘डिव्हाइड’ त्या प्रकारचा) पटिंगला फार उपयोगी. दोन रंगांची सीमा होलकडे लावायची. चेंडू नीट घरंगळला तर सीमा स्थिर दिसते, फटका तिरका लागला तर ती डगमगते. बारीक काळी रेघ ज्यांना दिसत नाही त्यांनाही हे दिसतं.

आगेवाला

चेंडू शोधायला आता ३ मिनिटंच मिळतात. २०१९ आधी ५ होती. अंधूक दिसणाऱ्याला हे फार कमी, म्हणून शोधाची सोय फटक्याआधी करायची. आपल्याकडे कॅडी मिळतो, शक्य असेल तिथे पुढे उभा राहणारा आगेवालाही ठेवा. त्याला फेअरवे संपायच्या जागी नाही, चेंडू पडायच्या जागी आडोशाला उभं करा. त्याने बोटाने दाखवण्यापेक्षा मागची ठळक खूण सांगावी : ‘तिसऱ्या नारळाच्या रेषेत, दहा पावलं अलीकडे.’ खेळाडूने स्वतः चेंडूकडे डोळे फाडून बघत बसू नये. निघाला ती दिशा एका झाडाशी जोडावी आणि सरळ त्या रेषेत चालत जावं.

शंका आली की लगेच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर म्हणून मारून ठेवलेला दुसरा चेंडू. तो शब्द तोंडाने म्हणावा, किंवा चेंडू प्रोव्हिजनल आहे हे दुसऱ्या शब्दांत स्पष्ट सांगावं लागतं. ‘अजून एक मारतो’ एवढं म्हणून मारलेला चेंडू प्रोव्हिजनल धरत नाहीत, तोच खेळातला चेंडू होतो आणि दंड चिकटतो.

क्लबच्या मैत्रीच्या सामन्यांत समितीला आणखी एक करता येतं. चेंडू हरवला किंवा बाहेर गेला तर परत टीवर न जाता, दोन दंड घेऊन फेअरवेच्या कडेपर्यंत येऊन ड्रॉप करण्याचा स्थानिक नियम उपलब्ध आहे. ज्येष्ठांच्या सामन्यांना तो लावायलाच हवा, असं मला वाटतं. स्टेबलफर्ड (दर होलला गुण देण्याची पद्धत) ठेवलं की एका होलने अख्खा दिवस बिघडत नाही.

अनघा_बा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल कुणी सविस्तर सांगेल का? वडिलांना लेन्सचे तीन प्रकार सांगितलेत. ते आठवड्यातून तीनदा खेळतात.

काचबिंदी

अनघा, पहिली गोष्ट : ते गोल्फ खेळतात हे सर्जनना लेन्स ठरवण्याआधी सांगा. बहुतेक पेशंट हे सांगतच नाहीत.

मोनोफोकल (एकाच अंतराची) लेन्स लांबच्या नंबरला बसवली तर चेंडूचं उड्डाण, झेंडा, ग्रीनचा उतार हे सगळं स्वच्छ दिसतं, फक्त वाचायला चष्मा लागतो. गोल्फरसाठी हा सर्वांत बिनघोर पर्याय. मल्टिफोकलमध्ये चष्मा सुटतो, पण काहींना दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि मंद प्रकाशात काँट्रास्ट घटतो. पहाटे सहाच्या टी-ऑफला किंवा सायंकाळच्या शेवटच्या होल्सना ते जाणवतं. तिसरा पर्याय मोनोव्हिजन, म्हणजे एक डोळा लांबचा, एक जवळचा. त्यात खोलीचा अंदाज कमी होतो. चिप आणि पट दोन्ही त्या अंदाजावर चालतात, त्यामुळे नियमित खेळणाऱ्याने हा पर्याय फार विचार करून घ्यावा. आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसं दिसणं चाखून बघता येतं, तशी विनंती जरूर करा.

शस्त्रक्रियेनंतर कधी खेळायचं ते तुमचे डॉक्टर जखम पाहून ठरवतील. पट आणि छोटे चिप आधी, पूर्ण स्विंग काही आठवड्यांनी, हा साधारण क्रम. बंकर शेवटी. डोळ्यात वाळू, घाम आणि धूळ जाणं हा खरा धोका.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची बाकी, अशा मधल्या काळात प्रबळ डोळा बदलू शकतो. तपासणी घरी होते : दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी त्रिकोणी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून फटीतून दूरचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने दिवा फटीतच राहतो तो प्रबळ. तो बदलला तर पटिंगचा नेम डावी-उजवीकडे सरकतो आणि माणूस स्ट्रोक बदलू लागतो. दुसरा डोळा होईपर्यंत स्ट्रोकला हात लावू नका.

नेम तपासायचा तर पटरचा स्टान्स घ्या, दुसरा चेंडू नाकाच्या मुळाशी धरा आणि सोडा. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या तीन-चार सेंमी आत, आपल्या पायांच्या बाजूला, पडायला हवा. बाहेर पडत असेल तर तुम्ही चेंडूवर ओणवे झाला आहात. प्रोग्रेसिव्ह घालणाऱ्यांत हे नेहमी सापडतं.

माळरान

काचबिंदू आणि मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) आजाराबद्दलही लिहा ना. दोन्हींना गोल्फवर वेगवेगळा उपाय लागतो.

काचबिंदी

काचबिंदूत कडेचं दिसणं जातं. समोरचा चेंडू उत्तम दिसतो, म्हणून खेळाडूला वाटतं सगळं ठीक आहे. पण बाजूने येणारी बग्गी, बंकरची कड, टीच्या पायऱ्या आणि शेजारच्या फेअरवेवरून आलेला चेंडू दिसत नाही. बग्गी स्वतः चालवू नये. पट वाचायला डोकं गुडघ्यांच्या खाली नेऊन ओणवं होऊ नये, त्या अवस्थेत डोळ्यातला दाब वाढतो. टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर नाडी मंद होऊ शकते आणि चढावर दम लागतो. ते वयामुळे आहे असं परस्पर ठरवू नका, डॉक्टरांना सांगा.

मॅक्युलाच्या आजारात उलटं होतं. कडेचं दिसतं, मधलं जातं. टीवरच्या चेंडूकडे थेट पाहिलं की तोच नाहीसा होतो. अशांनी चेंडूच्या पलीकडे किंवा अलीकडे चार बोटांवर नजर ठेवून तो कडेने बघायला शिकायचं. कोणत्या बाजूला नजर ठेवल्यावर सर्वांत स्पष्ट दिसतं ते लो-व्हिजन क्लिनिकमध्ये शोधून देतात. पुढे तीच जागा दर फटक्याला ठेवायची. सरळ रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या तर मात्र खेळ बाजूला ठेवून त्याच आठवड्यात रेटिनाच्या डॉक्टरांकडे.

हरळी

उतार डोळ्यांनी दिसत नसेल तर पायांनी वाचा. पटच्या रेषेवर मध्यभागी दोन पाय फाकवून, होलकडे तोंड करून उभे राहा. वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवा, डोळे मिटले तरी चालतील. ज्या पायावर दाब जास्त ती बाजू खाली. लांब पटला हे तीन ठिकाणी करायचं. होलजवळचा शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथे चेंडू मंद असतो आणि जास्त वळतो. उताराला १, २, ३ असे अंक देण्याची सवय सपाट फरशीवर आणि रॅम्पवर करता येते. एमपॉइंट पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर मात्र हे चालत नाही. तिथे कॅडीवर विसंबावं आणि त्याच्याशी मापं पक्की करून घ्यावीत : ‘एक कप उजवीकडे’ म्हणजे होलच्या कडेपासून १०८ मिलिमीटर, ‘थोडं उजवीकडे’ नाही. अंतर पावलांत मोजा.

आगेवाला

हरळी यांच्या मुद्द्याला जोडून : २०१९ पासून झेंडा होलमध्येच ठेवून पट करता येतो, दंड नाही. अंधूक दिसणाऱ्यांना यासारखी सोय नाही. कुणी झेंडा धरून उभं राहिलं तर आणखी ठळक.

पण सांभाळा : तुम्ही स्टान्स घ्यायला लागल्यापासून फटका होईपर्यंत कॅडीला चेंडूच्या मागे, रेषेच्या वाढीव भागात मुद्दाम उभं राहून नेम लावून देता येत नाही. जमिनीवर क्लब ठेवून दिशा दाखवणंही नाही. चेंडूवरची रेघ होलकडे लावणं चालतं.

शिवनेरी६८

दृष्टिहीनांना असा नेम लावून घ्यायची सूट आहे ना?

आगेवाला

आहे. २०२३ च्या नियमावलीत नियम २५ मुख्य भागात आला. त्यात दृष्टिहीन म्हणजे फक्त पूर्ण अंध असं नाही, ठरावीक पातळीपर्यंत दृष्टी गेलेलेही येतात. त्यांना सहायक घेता येतो, तो स्टान्स लावून देऊ शकतो, मागे उभा राहून नेम सांगू शकतो. बंकरमध्ये फटक्याआधी चेंडूच्या लगेच पुढे-मागे क्लब वाळूला टेकला तरी दंड नाही, मात्र वाळू तपासण्यासाठी टेकवायचा नाही. चाकाची खुर्ची, काठी, कृत्रिम अवयव यांच्यासाठीही त्याच नियमात तरतुदी आहेत. अंध गोल्फ काही नवा नाही. अमेरिकेतल्या डुलुथचे क्लिंट रसेल १९२४ मध्ये टायर फुटून आंधळे झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी खेळायला सुरुवात केली. आज अंध खेळाडूंच्या स्पर्धा बी१, बी२, बी३ अशा गटांत होतात. बी१ म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणारे.

साधा मोतीबिंदू किंवा चाळिशी यात बसत नाही.

कंबरवाल्यांसाठी दोन तरतुदी. ड्रॉप आता गुडघ्याच्या उंचीवरून आहे, पण तो खेळाडूनेच करायचा. ग्रीनवर तुमचा चेंडू कॅडी न विचारता खूण करून उचलू शकतो, आणि ज्याने उचलला त्याला तो परत ठेवता येतो. म्हणजे वाकायची गरज नाही. पटरच्या ग्रिपच्या टोकाला चेंडू उचलायचा रबरी कप लावायला परवानगी आहे, फक्त पटरला.

कणा_आणि_क्लब

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शरीराचं लिहितो.

डावा गुडघा. फॉलोथ्रूमध्ये सगळी पिळवट त्याच्यावर येते. डावं पाऊल सरळ ठेवण्याऐवजी २० ते ३० अंश लक्ष्याकडे उघडं ठेवा. गुडघा बदललेला असेल तर खिळ्यांचे बूट सोडून बिनखिळ्यांचे घ्या. पाऊल जमिनीत रुतून बसलं की वळण गुडघ्यात जातं, पाऊल किंचित फिरलं तर वाचतं. ओल्या गवतावर मात्र हेच बूट घसरतात, पावसाळ्यात उतारावरच्या टीवर जपून.

कंबर. कुल्ला आत वळत नसेल तर पिळवट कमरेत जाते. ‘खालचं अंग स्थिर, वरचं वळवा’ हा सल्ला पंचविशीतल्यांसाठी आहे. उजवं पाऊल पाच-सहा सेंमी मागे घ्या, त्याचा चवडा बाहेर उघडा आणि बॅकस्विंगला डावी टाच उचलू द्या. कुल्ले खांद्यांबरोबर वळतात, कमरेवरचा ताण उतरतो. अंतर थोडं कमी होईल. ते टी पुढे घेऊन भरून काढा, जोर लावून नाही.

खांदा. फ्रोजन शोल्डर (आखडलेला खांदा) मधुमेहींत जास्त. दुखणं चालू असेपर्यंत हात छातीच्या उंचीवर थांबवा, दोन नंबर लांब जाणारा क्लब घ्या.

अंगठ्याचं मूळ, बोटं. संधिवातात जाड ग्रिप आणि दहाही बोटांची पकड. करंगळी अडकवणारी पकड सुजलेल्या सांध्याला पीळ देते. बोट अडकून टकदिशी सुटत असेल तर ते ट्रिगर फिंगर, तेही मधुमेहात जास्त आढळतं. घट्ट पकडून ते बरं होत नाही.

बॅग ओढू नका, ढकला. ओढताना एक हात मागे राहतो, खांदा आणि कंबर तिरकी पिळते. तीन चाकांची ढकलगाडी घ्या. उठताना घेरी येत असेल, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर पट वाचायला उकिडवं बसायचं बंद. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी बॅगेत १५ ग्रॅम ग्लुकोज हाताशी ठेवावं आणि जोडीदाराला ते कुठे आहे हे सांगावं.

सातनंबरी

जाड ग्रिप घरी कशी करायची ते लिहितो, कारण नवीन जंबो ग्रिप सरसकट बसवणं हा चुकीचा मार्ग आहे.

जुनी ग्रिप हुक ब्लेडने आपल्यापासून दूर कापा, शाफ्ट ग्राफाइटचा असेल तर पातं आत रुतू देऊ नका. जुनी टेप खरवडून शाफ्ट पुसा. मग मास्किंग टेपचे थर. एका थराने व्यास सुमारे ०.४ मिमी वाढतो, चार थर म्हणजे साधारण मिडसाइझ. खालच्या हाताखाली एक-दोन थर जास्त दिले तर निमुळतेपणा कमी होतो आणि उजव्या हाताला आवळावं लागत नाही. त्यावर दुहेरी चिकट टेप, टोकाला थोडी बाहेर ठेवून नळीत दुमडून टाका. ग्रिपच्या तळाचं छिद्र टीच्या खुंटीने बंद करून आत ग्रिप बसवायचं द्रावण ओता, हलवा, तेच टेपवर ओता आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवा. मध्ये थांबलात की तिथेच चिकटते. लगेच रेषा सरळ करा, रात्रभर वाळू द्या.

चूक कुठे होते? जाडी वाढली की मनगटं कमी वळतात, त्यामुळे ज्यांचा चेंडू आधीच उजवीकडे जातो त्यांचा आणखी जातो. म्हणून आधी एका सात नंबरवर करून पंधरा दिवस खेळा, मग बाकीचे. ग्रिपचं वजन चार-पाच ग्रॅमने वाढलं की स्विंगवेट एका अंकाने उतरतं, क्लबचं डोकं हलकं भासतं.

शाफ्टचं म्हणाल तर जुन्या स्टीलचे १२०-१३० ग्रॅम आणि ग्राफाइटचे ५५-७० ग्रॅम, हा फरक मनगटाला आणि कोपराला दहाव्या होलनंतर कळतो. वाकणं कमी व्हावं म्हणून क्लब अर्धा इंच लांब करता येतो, पण मग तो साधारण एक अंश उभा खेळतो आणि चेंडू डावीकडे ओढला जातो. फिटरकडून लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) तेवढी सपाट करून घ्या. तीन ते सहा नंबरची आयर्न काढून सात आणि नऊ नंबरचे वूड, हायब्रिड भरा. चौदा क्लब ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही, नऊ पुरतात.

फेअरवे_नाशिक

लांब पटर चालतो का? छातीला टेकवून?

सातनंबरी

पटर लांब चालतो, टेकवणं चालत नाही. १ जानेवारी २०१६ पासून क्लब किंवा पकडीचा हात अंगाला टेकवून आधारबिंदू करायला मनाई आहे. वरची मूठ छातीपासून सुटी ठेवा, दोन बोटं जागा पुरे. ग्रिप डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागाला लावून धरायची पद्धत नियमात बसते. थरथरणाऱ्या हातांना ती बरी पडते.

हरळी

कोणत्या टीवरून खेळायचं यासाठी सोपा हिशेब : पाच नंबर आयर्नचं अंतर गुणिले ३६. पाच नंबर १३० यार्ड जात असेल तर कोर्स ४,६८० यार्डांच्या आसपासचा हवा. पुढच्या टीचा रंग बघून अनेक जण संकोचतात. हँडिकॅप त्या टीच्या कोर्स रेटिंग आणि स्लोपप्रमाणेच (तिथून कोर्स किती कठीण, त्याचे आकडे) मिळतं, त्यामुळे मागच्या टीवरून खेळणाऱ्या मित्राशी हिशेब बरोबर जुळतो. पण त्या टीचं रेटिंग झालेलं आहे का, ते क्लबच्या ऑफिसात विचारून घ्या.

अनघा_बा

लेझर रेंजफाइंडर बाबांच्या हातात स्थिर राहत नाही. काय घ्यावं?

काचबिंदी

हात थरथरत असेल तर लेझर झेंड्याऐवजी मागच्या झाडावर लागतो आणि अंतर वीस-तीस यार्ड जास्त दाखवतो. झेंड्यावर लागला की स्वतः थरथरून कळवणारं मॉडेल मिळतं, तरी कोपर छातीला टेकवून किंवा बग्गीच्या खांबाला टेकवूनच धरावं लागतं. त्यापेक्षा मोठ्या आकड्यांचं जीपीएस घड्याळ, किंवा बुशनेलच्या विंगमनसारखा अंतर बोलून सांगणारा स्पीकर सोपा. स्पर्धेत चढउताराची भरपाई सांगणारी सोय बंद ठेवायची. आणि अंतर ग्रीनच्या मध्याचंच घ्या, झेंड्याचं नको. आपल्याकडे पुढच्या कडेला बंकर भरपूर असतात आणि तिथून वाकून चेंडू काढणं हेच बाबांच्या कमरेला सगळ्यात महाग पडेल.